कानासाठी एमआरआय करायला सांगितलाय? माझा अनुभव

९ जून २०२४, रविवार. पहाटे पाचच्या सुमाराला कूस बदलली आणि खोली फिरायला लागली. ‘चक्कर आली’ हे मी आयुष्यभर म्हणत आलोय, पण ती चक्कर वेगळी आणि ही वेगळी. डोळ्यांपुढे अंधारी नाही, अशक्तपणा नाही. कपाट, खिडकी, बंद असलेला पंखा, सगळं एका दिशेनं गरगर चाललेलं. डोळे मिटले तरी थांबेना. उलट्या झाल्या. बायकोनं बादली आणून ठेवली, आईनं दृष्ट काढली आणि मी गादीची कड धरून दोन तास पडून राहिलो. मग जसं आलं तसं ते गेलं. दुपारी मी जेवलोसुद्धा.

मी कोल्हापुरात राहतो आणि शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. वय ४७. हा त्रास सुरू झाला तेव्हा मी मराठीत बरंच शोधलं, पण कानासाठी एमआरआय म्हणजे नेमकं काय होतं, किती दिवस जातात, किती पैसे लागतात, हे कुणी नीट लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहितोय.

सोमवारी जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. बीपी १३०/८४, ईसीजी ठीक. मानेचा एक्स-रे काढला, ४०० रुपये. ‘सर्व्हायकल’, म्हणजे मानेच्या मणक्यांचा त्रास, असं निदान झालं, गोळ्या आणि गळ्यात पट्टा. माझीही चूक झाली, ती सांगतो. त्या डॉक्टरांना मी कानाबद्दल काहीच बोललो नाही. उजव्या कानात दोन-अडीच महिने बारीक ‘सूऽऽ’ असा आवाज येत होता आणि फोन मी नकळत डाव्या कानाला लावायला लागलो होतो. पण पंचवीस वर्षं फौंड्रीत काढलेल्या माणसाला कमी ऐकू येणारच, असं धरून चाललो होतो. चक्कर आणि कान यांचा संबंध असतो हे डोक्यातच आलं नाही.

दुसरा झटका १८ जूनला, मंगळवारी, दुसऱ्या शिफ्टमध्ये आला. मी फर्नेसच्या प्लॅटफॉर्मचा जिना उतरत होतो. त्याआधी तासभर उजव्या कानाला दडे बसल्यासारखं झालं होतं, करूळचा घाट उतरताना होतं तसं. पायरीवर असतानाच सगळं कलंडलं. रेलिंगला मिठी मारून खाली बसलो. खाली लॅडल (वितळलेल्या धातूचं मोठं भांडं) भरून चाललेलं होतं. एका पोरानं पाहिलं, धावत आला, काखेत हात घालून उतरवलं. त्या रात्री मी पहिल्यांदा खरा घाबरलो. तिसरा झटका २३ तारखेला घरी आला, पुन्हा दोन तासांच्या आसपास.

गुरुवारी, २७ जूनला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. फी ६०० रुपये. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “फिरणं किती वेळ टिकतं? सेकंद, मिनिटं की तास?” हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मान वळवल्यावर अर्धा-पाऊण मिनिट गरगरून थांबत असेल तर बहुतेक वेळा कानातले बारीक कॅल्शियमचे कण जागेवरून हललेले असतात आणि डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते परत बसवता येतात. तासतासभर टिकणारं फिरणं, सोबत कानात आवाज, दडे आणि कमी ऐकू येणं, ही गोष्ट वेगळी. तुम्हाला असा त्रास होत असेल तर घड्याळ बघा आणि वहीत लिहा: तारीख, किती मिनिटं, कोणता कान. माझ्याकडे तीन तारखा होत्या म्हणून डॉक्टरांचं काम सोपं झालं.

मग ऑडिओमेट्री. काचेच्या छोट्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. ऑडिओमेट्री आणि इम्पिडन्स (कानाच्या पडद्याची तपासणी) मिळून ९०० रुपये झाले, वेळ पाऊण तास. कागदावर उजव्या कानाची लाल गोलांची रेघ आणि डाव्याची निळ्या फुल्यांची. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झला खड्डा होता, तो फौंड्रीचा. पण उजव्या कानाला २५० आणि ५०० हर्ट्झचे जाडे, खालचे आवाज ५०-५५ डेसिबलशिवाय ऐकूच येत नव्हते. डाव्याला तेच १५ला ऐकू येत होते.

डॉक्टरांनी दोन रेघा पेनानं दाखवल्या. म्हणाले, “मशीनच्या आवाजानं कान जातात तेव्हा साधारण दोन्ही सारखेच जातात, आणि आधी बारीक आवाज जातात. एकच कान आणि तोही खालच्या आवाजांना गेला, तर त्याचं खापर फौंड्रीवर फोडून चालणार नाही.”

ज्या वाक्यासाठी मला ही पोस्ट लिहायची होती ते हेच. आपल्याकडे ‘वय झालं’, ‘कारखान्यात काम करतो’, ‘सर्दी असेल’ म्हणून कान सोडून दिला जातो. दोन कानांत फरक असेल तर तो फरक कशामुळे, हे शोधायलाच हवं. आणि एका-दोन दिवसांत अचानक एक कान गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो, हे मला तिथेच कळलं.

माझ्या बाबतीत शक्यता दोन होत्या. एक, अंतर्कर्णातल्या द्रवाचा दाब वाढण्याचा आजार, मेनिएर. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ साली पहिल्यांदा मांडलं की असं गरगरणं मेंदूतून नव्हे, कानाच्या आतूनही येऊ शकतं. दुसरी शक्यता, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेवर गाठ, व्हेस्टिब्युलर श्वानोमा. ती कॅन्सरची नसते, बहुतेकदा हळूहळू वाढते, आणि असे एमआरआय केलेल्या शंभरांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांनाच निघते. हे त्यांनी दोनदा सांगितलं. तरी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ‘गाठ’ एवढाच शब्द उरला होता.

मी विचारलं, सीटी स्कॅन चालणार नाही का, स्वस्तात होईल. सीटीत हाड उत्तम दिसतं, नस नीट दिसत नाही, असं उत्तर मिळालं. बेरा नावाची नसेची तपासणी असते, पण लहान गाठ तीत निसटू शकते. म्हणजे एमआरआयच.

चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: एमआरआय ब्रेन विथ इंटरनल ऑडिटरी कॅनाल, प्लेन अँड कॉन्ट्रास्ट. म्हणजे मेंदू आणि कानाची नस जाते ती हाडातली नळी, आधी साधी आणि मग शिरेतून औषध देऊन. या चिठ्ठीतला एकेक शब्द जपा. मी तीन सेंटरांना फोन केले. दर ७,५०० पासून ११,००० पर्यंत सांगितले गेले. एका ठिकाणी काउंटरवरची व्यक्ती म्हणाली, “ब्रेन म्हणजे ब्रेनच, त्यात कान येतोच.” तसं नाही. नेहमीच्या ब्रेन स्कॅनमध्ये चित्रांचे काप चार-पाच मिलिमीटर जाडीचे असतात. कानाची नस जेमतेम मिलिमीटरभर. तिच्यासाठी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ काप घ्यावे लागतात, म्हणून ‘इंटरनल ऑडिटरी कॅनाल’ किंवा ‘इनर इअर’ हे शब्द बुकिंगच्या पावतीवर आलेत का ते बघून घ्या. माझं ९,५०० रुपयांत ठरलं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, ताजा रिपोर्ट आणायला सांगितलं, कारण कॉन्ट्रास्टचं औषध किडनीतून बाहेर पडतं. त्या रक्त तपासणीचे २०० रुपये. मेडिक्लेमच्या एजंटला विचारलं, तर माझ्या पॉलिसीत ॲडमिट न होता केलेला स्कॅन बसत नव्हता. पैसे खिशातूनच गेले.

गुरुवार, ४ जुलैची सकाळ मिळाली. चार तास उपाशी, पावसात भिजत पोचलो. दोन पानी फॉर्म हातात आला: पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, स्टेंट, कानात बसवलेलं यंत्र, कवळी, गोंदण. सगळ्यांवर ‘नाही’ अशी खूण करत आलो आणि एका ओळीवर थांबलो. ‘डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?’

गेला होता. २०११ मध्ये, फेटलिंगमध्ये (ओतलेले भाग घासून साफ करतात त्या विभागात) असताना. ग्राइंडरचा कण डाव्या डोळ्यात रुतला होता, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुईनं काढला होता. तेरा वर्षं झाली. क्षणभर वाटलं, ‘नाही’ लिहावं आणि मोकळं व्हावं. पण ‘हो’ लिहिलं. टेक्निशियननं फॉर्म वाचला आणि शांतपणे सांगितलं, आज होणार नाही. आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे आणा.

तेव्हा चिडलो होतो, रजा वाया गेली होती. नंतर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. लोखंडाचा कण डोळ्यात राहिलेला असेल तर त्या चुंबकात तो आतल्या आत सरकू शकतो. १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात अशी घटना नोंदवली गेली आहे: पत्र्याचं काम केलेल्या एका माणसाची एका डोळ्याची नजर स्कॅननंतर गेली. आपल्या भागात लेथवर, ग्राइंडिंगला, वेल्डिंगला काम करणारे हजारो आहेत. त्यांनी हा प्रश्न फॉर्मवर नसला तरी स्वतःहून सांगावा. आणि बुकिंगच्या फोनवरच सांगावा, म्हणजे माझ्यासारखी खेप पडणार नाही. एक्स-रे ३५० रुपयांना झाला, डोळा साफ निघाला. पुढची तारीख मिळाली मंगळवार, ९ जुलै, रात्री साडेनऊ.

त्या रात्री बायको सोबत होती. अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगतात. घड्याळ, पट्टा, पाकीट आणि त्यातली एटीएम कार्डं, कमरेचा चांदीच्या घुंगरीचा करदोडा, हातातलं तांब्याचं कडं. माझ्या आधीच्या आजींची नाकातली चमकी पंचवीस-तीस वर्षं निघालेली नव्हती. साबण लावून मुलगी आणि नर्स दोघी खटपट करत होत्या आणि आजी रडवेल्या झाल्या होत्या. ज्यांची जोडवी, पाटल्या, चमकी घट्ट बसलेली आहे त्यांनी दोन दिवस आधी सोनाराकडे जाऊन यावं. जरीकाठाची साडीही नको, जर तापू शकते. श्रवणयंत्र बाहेर काढून ठेवावं लागतं, त्यामुळे ज्यांना त्याशिवाय ऐकू येत नाही त्यांनी टेक्निशियनशी आधीच खुणा ठरवून घ्याव्यात.

मी टेक्निशियनला एवढंच सांगितलं, “मला गरगरण्याचा त्रास आहे, झोपवताना आणि उठवताना सावकाश.” त्यानं ते मनावर घेतलं. हाताच्या शिरेत सुई आधीच लावून ठेवली. कानात स्पंजचे बोळे, वर दोन्ही बाजूंनी उशा, आणि चेहऱ्यावर प्लास्टिकचा पिंजरा. हातात रबरी फुगा दिला, काही वाटलं तर दाबायचा. डोकं अजिबात हलवायचं नाही, खोकला आला तर दोन आवाजांच्या मधल्या शांततेत खोकायचं.

फळी आत सरकायला लागली आणि मला वाटलं, आला झटका. डोकं हळूच एका बाजूला कलतंय, अशी जाणीव. फुग्यावर बोटं आवळली. पण अर्ध्या-एक मिनिटात ते निवळलं. याचं कारण मला नंतर कळलं आणि ते आधी कळलं असतं तर किती बरं झालं असतं. तिथलं मशीन ३ टेस्लाचं होतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट. अंतर्कर्णातल्या द्रवात विद्युतभारित कण सतत वाहत असतात आणि एवढं मोठं चुंबक त्या प्रवाहाला ढकलतं, त्यामुळे तोल सांभाळणाऱ्या नळ्यांना डोकं फिरल्यासारखं वाटतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०११ साली दाखवून दिलं, निरोगी माणसांवर. म्हणजे मशीनमध्ये शिरताना हलकं गरगरलं तर तो आजाराचा झटका असेलच असं नाही. आत जाण्याआधीच डोळे मिटून घ्यावेत आणि हळू श्वास घेत राहावं, एवढं मला उपयोगी पडलं.

मग आवाज. बोळे असूनही मोठा. आधी ठक-ठक-ठक, मग गर्रर्र, मग साचे फोडणाऱ्या नॉकआउटच्या मशीनसारखी धडधड, हाडांपर्यंत. मी आयुष्य आवाजात काढलंय, त्यामुळे आवाजाचं भय नव्हतं. जागेचं होतं. नाकापासून वरचं छत चार बोटांवर असावं असं वाटत होतं. त्यावर मी एक उपाय केला. मनात एक कास्टिंग पहिल्यापासून करायला घेतलं. पॅटर्न तपासला, वाळू बघितली, कोअर बसवला, साचे बंद केले, मेटल वितळवलं, तापमान घेतलं, ओतलं, थंड होऊ दिलं. घाई न करता, प्रत्येक पायरी जितका वेळ घेते तितका वेळ देऊन. फेटलिंगपर्यंत आलो तेव्हा स्पीकरवरून आवाज आला, “काका, आता औषध सोडतोय.” दंडातून वर गार रेघ गेली, तोंडाला लोखंडी चव आली, एवढंच. ज्यांना स्वयंपाक येतो त्यांनी पुरणपोळी करावी, ज्यांना वारी पाठ आहे त्यांनी एकेक मुक्काम चालावा. नुसते आकडे मोजू नका, आकडे लवकर संपतात.

एकूण ४० मिनिटं लागली. बाहेर आल्यावर पाच मिनिटं फळीवर बसून राहिलो आणि मगच उतरलो. घरी जाताना गाडी बायकोनं चालवली. स्कॅनला एकट्यानं जाऊ नका.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला: फिल्म, सीडी आणि दोन पानं इंग्रजी. मी ते रिक्षातच वाचायला लागलो. गाठ नाही, हे पहिल्या परिच्छेदातच होतं. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण खाली एक ओळ होती: उजव्या बाजूला नसेजवळ ‘व्हॅस्क्युलर लूप’, म्हणजे रक्तवाहिनीचं वळण. त्या रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर शोधत बसलो. रक्तवाहिनी नसेवर दाबते, कवटी उघडून ऑपरेशन करतात, असलं काय काय वाचलं. बायको उठून आली आणि म्हणाली, “तो कागद डॉक्टरांनी वाचायचाय, तुम्ही नाही. द्या इकडे.” तिनं फाइल कपाटात ठेवली आणि किल्ली उशाखाली घेतली.

शुक्रवार, १२ जुलै. डॉक्टरांनी सीडी लावली आणि मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. तोपर्यंत मी माझा कान कधी आतून पाहिला नव्हता. काळ्या पार्श्वभूमीवर गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळी, पांढरीशुभ्र. ती ऐकण्याची. शेजारी तीन अर्धगोल नळ्या, तोल सांभाळणाऱ्या. या चित्रात द्रव पांढरा दिसतो आणि नसा त्यातून जाणाऱ्या काळ्या दोऱ्यांसारख्या. आडव्या कापात चार ठिपके: एक चेहऱ्याची नस, एक ऐकण्याची, दोन तोलाच्या. दोन्ही बाजूंना चारही जागेवर. तो लूपही दाखवला. काहीही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांमध्ये तो तसाच दिसतो, म्हणाले, आणि माझ्या लक्षणांशी त्याचा मेळ बसत नाही.

मग मी तो प्रश्न विचारला जो ‘नॉर्मल’ रिपोर्ट आलेल्या प्रत्येकाच्या मनात असतो. सगळं ठीक आहे, मग मला ऐकू का येत नाही? त्यांचं उत्तर मला माझ्या कामामुळे लगेच पटलं. स्कॅन आकार दाखवतो, काम दाखवत नाही. कास्टिंग एक्स-रेत निर्दोष निघालं तरी पंप चालतो का, ते पंप चालवूनच बघावं लागतं. द्रवाचा फुगवटा दाखवणारा खास एमआरआय असतो, औषध दिल्यावर चार तासांनी काढतात, पण माझे उपचार त्यामुळे बदलणार नव्हते. वीस मिनिटं ते बारा तासांमधले दोन किंवा जास्त झटके, एका कानात खालच्या आवाजांचं बहिरेपण, दडे आणि शिट्टी, आणि दुसरं काही कारण नाही. हे ‘दुसरं काही नाही’ सांगण्यासाठीच ते ९,५०० रुपये होते. निदान झालं: मेनिएर.

औषधं लिहीत नाही, ती ज्याची त्यानं डॉक्टरांकडून घ्यावीत. मीठ मात्र कमी करायला लागलं. लोणचं, पापड, खर्डा, फरसाण बंद. तांबडा-पांढरा महिन्यातून एकदा, वाटीभर. ते मला जड गेलं आणि अजून जातं. कंपनीनं डॉक्टरांचं पत्र मागितलं. पत्रात ‘उंचीवर, शिडीवर, क्रेनखाली काम नको’ असं स्पष्ट लिहून घेतलं, नुसतं ‘हलकं काम’ नाही. हलकं म्हणजे काय यावर नंतर वाद होतात. दोन महिने स्टोअरमध्ये बसलो. दुचाकी ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवली. भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर ठेवून मान हलवायचे व्यायाम रोज दोनदा, सुरुवातीला त्यानंच मळमळायचं.

१५ ऑक्टोबरला पुन्हा ऑडिओमेट्री झाली. उजव्या कानाच्या ५०० हर्ट्झला ५५ डेसिबलची जागा ३५नं घेतली होती, म्हणजे ऐकणं सुधारलं होतं. रेघ पुन्हा खाली जाऊ शकते, हा आजार तसा चढउताराचा आहे. ऑगस्टनंतर झटका आलेला नाही. शिट्टी आहे, रात्री जास्त. पंख्याच्या आवाजात ती बुडते, म्हणून पावसाळ्यातही पंखा लावून झोपतो.

गेल्या आठवड्यात फेटलिंगमधला एकजण जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, “साहेब, मला डाव्या कानानं कमीच येतंय अलीकडं, ग्राइंडरमुळं असेल.” मी डबा बाजूला ठेवला आणि मोबाइलमधला माझ्या ऑडिओग्रामचा फोटो त्याला दाखवला, लाल रेघ आणि निळी रेघ. डोळ्यात कधी कण गेला होता का, तेही विचारून घेतलं. दोनदा गेलाय. मंगळवारी त्याची तपासणी आहे, मी सोबत जाणार आहे.